घरी केलेली बिअर गढूळ दिसते? आधी कारण शोधा, मग उपाय

पहिल्या घाण्याची पहिली बाटली उघडताना छाती धडधडतेच. महिनाभर वाट पाहिलेली असते. पेल्यात ओतल्यावर फेस छान चढतो, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास हवा तसा येतो, आणि पेला खिडकीसमोर धरला की पलीकडचं काहीच दिसत नाही. हातात पेज धरल्यासारखं वाटतं. नव्याने बिअर करायला लागलेल्या मित्रमैत्रिणींकडून मला असे फोटो येतात आणि खाली जवळजवळ नेहमी एकच प्रश्न असतो: टाकून देऊ का?

टाकू नका. दहातल्या नऊ वेळा ती बिअर प्यायला उत्तम असते, आणि बऱ्याचदा काही न करताही निवळते. पण उरलेल्या वेळी गढूळपणा काहीतरी सांगत असतो आणि ते ऐकायला हवं. गढूळ होण्याची पाच-सहा वेगळी कारणं आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. नवखा माणूस चुकतो तो इथेच. कारण न बघता दुकानातून पावडर आणतो, ओततो, फरक पडत नाही, आणि मग हा छंद आपल्याला जमणार नाही असं ठरवून मोकळा होतो. मला हे होऊ द्यायचं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी मँचेस्टरला राहतो. इथे घरी स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. एप्रिल १९६३ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. विकायची मात्र नाही. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवर अशी मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात असाल तर हे घरी करू नका: १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी हा लेख पेल्यातलं काय असतं ते समजून घेण्यासाठी वाचावा.

दोन शब्द आधीच सांगतो. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत सुकवलेले जव. ते गरम पाण्यात भिजवून जो गोड काढा निघतो तो वर्ट. त्यात हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं, यीस्टचं विरजण लावायचं. पुढची सगळी मापं २० लिटरच्या घाण्याची आहेत आणि डोळ्यासमोर साधी इंग्लिश पेल एल आहे, कारण सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात.

पहिली पायरी: ही बिअर निवळ असायलाच हवी का?

हा प्रश्न फालतू वाटतो, पण घरी बिअर करायच्या तयार सामानाच्या, म्हणजे किटच्या डब्यावरचं नाव नीट न वाचता घाबरलेले लोक मी पाहिलेत. जर्मन हेफेवायझन गढूळच असते. ‘हेफे’ म्हणजे यीस्ट, ‘वायझन’ म्हणजे गहू, नावातच सगळं आलं. बेल्जियमची विटबिअर दुधट पांढरी दिसते. हा प्रकार जवळजवळ नामशेष झाला होता, तो पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये हूगार्डन या गावात पुन्हा सुरू केला. अमेरिकेच्या व्हरमाँटकडून आलेली न्यू इंग्लंड आयपीए तर आमरसासारखी दिसावी अशीच अपेक्षा असते. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या डूलालीसारख्या, स्वतःची बिअर करणाऱ्या पबमध्ये ज्यांनी पहिल्यांदा ताजी गव्हाची बिअर घेतली, त्यांना तो धूसर पेला आठवत असेल. ती बिअर बिघडलेली नव्हती, तिची घडणच तशी.

तुमच्या घाण्यात ३० टक्क्यांहून जास्त गहू असेल, ओट्स असतील, किंवा शेवटी गार बिअरमध्ये १०० ग्रॅमच्या वर हॉप्स टाकले असतील, तर ती काचेसारखी व्हावी असा हट्ट धरू नका. लागर, पिल्सनर, बिटर, पेल एल या मात्र निवळ व्हायला हव्यात. पुढचं त्यांच्यासाठी.

दुसरी पायरी: एक पेला गार, एक पेला कोमट

याला काही सामान लागत नाही आणि निम्मं कोडं इथेच सुटतं. एकाच घाण्याच्या दोन बाटल्या घ्या. एक रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवा, दुसरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर. दुसऱ्या दिवशी दोन्ही हळूच, तळचा साका न हलवता, एकसारख्या पेल्यांत ओता आणि मागे पुस्तकाचं पान धरून बघा.

गार पेला धूसर आणि कोमट पेला स्वच्छ असेल, तर ही थंडीची धूसरता. इंग्रजीत तिला चिल हेझ म्हणतात. जवातली प्रथिनं आणि जवाच्या टरफलातून, हॉप्समधून आलेली टॅनिन्स थंडीत एकमेकांना सैलसर धरतात आणि प्रकाश अडवण्याइतकी मोठी होतात. गरम झालं की हात सोडतात. कडक कोरा चहा फ्रिजमध्ये ठेवून बघा, तोही असाच गढुळतो आणि गरम केला की पुन्हा स्वच्छ होतो. कारण बरंचसं सारखंच आहे. चवीवर याचा परिणाम जवळपास शून्य. पण बिअर वारंवार गार-गरम होत राहिली तर ही सैल पकड पक्की होत जाते आणि मग धूसरता कोमट झाल्यावरही जात नाही. त्यामुळे बाटल्या एकदा फ्रिजमध्ये गेल्या की तिथेच राहू द्या.

दोन्ही पेले सारखेच गढूळ असतील तर पुढे चला.

तिसरी पायरी: यीस्ट अजून तरंगतंय का?

नवख्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा हेच असतं, आणि याचं औषध म्हणजे थांबणं.

यीस्ट साखर खाऊन संपवतं, मग त्याच्या पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात. कुठलं यीस्ट किती लवकर बसेल हे त्याच्या जातीवर आहे. एस-०४ हे इंग्लिश कोरडं यीस्ट झपाट्याने बसतं आणि तळाशी घट्ट थर करतं, बाटली तिरकी केली तरी फारसं हलत नाही. यूएस-०५ जास्त रेंगाळतं आणि त्याचा थर भुसभुशीत असतो. गव्हाच्या बिअरसाठीचं डब्ल्यूबी-०६ मुद्दाम तरंगत राहील असंच निवडलेलं आहे. म्हणून पहिल्या दोन-तीन घाण्यांसाठी मी सगळ्यांना एस-०४ किंवा नॉटिंगहॅम नावाचं यीस्ट सुचवतो.

ओळखायचं कसं? यीस्टचा गढूळपणा पिवळट, दुधट असतो. चवीला पावाच्या कणकेची, किंचित कडवट छटा येते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे बाटली आठवडाभर फ्रिजमध्ये उभी ठेवली की वरून खाली स्वच्छ होत जाते. बाटलीच्या खांद्यापाशी निवळ पट्टा दिसायला लागला आणि तो रोज बोटभर खाली सरकला, तर निर्धास्त राहा.

मुळात ही वेळ येते ती घाईने बाटल्या भरल्यामुळे. किटबरोबरच्या कागदावर पाच-सहा दिवसांत भरा असं लिहिलेलं असतं. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असंही लोक धरतात. बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नका, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची तरंगती काचनळी) वापरा. साखर संपत जाते तसा त्याचा आकडा उतरतो. समजा सुरुवातीला १.०४६ होतं आणि आता १.०११ आहे. दोन दिवसांनी पुन्हा मोजा. तोच आकडा आला की आंबणं संपलं. त्यानंतरही मी चार-पाच दिवस भांड्याला हात लावत नाही. एकूण दोन आठवडे धरा. हे फक्त दिसण्यासाठी नाही: आंबणं अर्धवट असताना भरलेल्या बाटल्या फुटतात, आणि फुटलेली काच डोळ्यात जाऊ शकते.

एक गोष्ट पाण्याची. यीस्टच्या पेशींना एकमेकींना चिकटायला कॅल्शियम लागतं. लिटरला निदान ५० मिलिग्रॅम असावं असा ठोकताळा आहे. मँचेस्टरचं पाणी लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्यांमधून येतं आणि फार मऊ असतं, कॅल्शियम अगदी थोडं. माझे सुरुवातीचे घाणे याच कारणाने आळशासारखे निवळत होते, हे कळायला मला वर्ष लागलं. २० लिटर पाण्यात ४ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियमचा एक क्षार) घातलं की कॅल्शियम लिटरमागे साधारण ४६ मिलिग्रॅमने वाढतं. बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावाची पेल एल एकोणिसाव्या शतकात गाजली त्यात तिथल्या जिप्समयुक्त जड पाण्याचा मोठा वाटा होता. तुमच्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या संकेतस्थळावर पाण्याचा अहवाल सापडतो, एकदा बघून घ्या. पाणी आधीच जड असेल तर काही घालू नका.

चौथी पायरी: आयोडिनचा थेंब

दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवूनही बिअर जराही निवळली नाही, गार असो की कोमट तशीच पांढुरकी राहिली, तर संशय स्टार्चवर घ्या.

शाळेत बटाट्यावर आयोडिन टाकून तो निळा-काळा झालेला आठवतो ना? तेच करायचं. पांढऱ्या बशीत चमचाभर बिअर घ्या, औषधाच्या दुकानातल्या आयोडिनच्या टिंक्चरचा एक थेंब टाका. रंग पिवळट-तपकिरी राहिला तर स्टार्च नाही. निळा-जांभळा किंवा काळा झाला तर आहे. साक्याचे कण किंवा टरफलाचा तुकडा नमुन्यात आला तर उगाच काळं दिसतं, म्हणून साका न हलवता वरची बिअर घ्या. झाल्यावर बशीतलं सरळ मोरीत ओता, पुन्हा भांड्यात नाही.

स्टार्च राहतं कारण माल्टमधली एन्झाइम्स त्याची साखर करायला कमी पडली. धान्य ६५ ते ६७ अंशांवर तासभर भिजवायचं असतं. पाणी ७५ च्या वर गेलं असेल तर एन्झाइम्स सुरुवातीलाच मेली. थर्मामीटर चुकीचा असला तरी हेच होतं, म्हणून तो एकदा उकळत्या पाण्यात आणि एकदा बर्फाच्या पाण्यात तपासून घ्या.

दुसरा प्रकार जास्त फसवा. तयार माल्टच्या पाकापासून बिअर करणारे लोक चव वाढवायला पातेल्यात थोडे ओट्स किंवा गव्हाचे पोहे भिजवतात. मी दुसऱ्याच घाण्यात हे केलं होतं: अर्धा किलो ओट्स कापडी पिशवीत बांधून अर्धा तास गरम पाण्यात. ओट्समध्ये स्टार्च भरपूर आणि ते फोडणारी एन्झाइम्स नाहीतच. ती बिअर तीन महिने झाले तरी निवळली नाही. ओट्स घालायचेच असतील तर तेवढ्याच वजनाचं साधं पेल माल्ट सोबत घ्या आणि ६६ अंशांवर तासभर ठेवा, ते माल्ट दोघांचं काम करतं. क्रिस्टल माल्टला ही भीती नाही, त्यातल्या स्टार्चची साखर भट्टीतच झालेली असते.

बाटलीत भरलेल्या बिअरमधलं स्टार्च काढायच्या भानगडीत पडू नका. एन्झाइमची पावडर मिळते, पण ती बाटलीत टाकली तर नवी साखर तयार होईल, यीस्ट ती खाईल आणि बाटली फुटेल. ती पावडर आंबवण्याच्या भांड्यात, बाटल्या भरण्याआधीच घालता येते. भरून झालं असेल तर बिअर तशीच प्या. मात्र फार साठवू नका, कारण काही रानटी यीस्ट आणि जिवाणू हे स्टार्च खाऊ शकतात.

पाचवी पायरी: नाक आणि जीभ

आता ज्याची सगळ्यांना भीती असते ते. जिवाणू किंवा रानटी यीस्ट शिरलं तर बिअर गढूळ होते, पण ते फक्त गढूळपणावर थांबत नाही. या खुणा बघा: ताकासारखा किंवा व्हिनेगरसारखा आंबटपणा, जो पहिल्या बाटल्यांत नव्हता, झाकण काढताच कारंजं, बाटलीच्या मानेत आतून पांढरं कडं, भांड्यात पृष्ठभागावर सुरकुतलेली साय, आणि क्वचित, ओतताना तार सुटणं. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर समजा संसर्ग झालाय. गढूळपणा आहे पण वास-चव स्वच्छ आहे, तर संसर्ग जवळजवळ नक्कीच नाही.

अशी बिअर प्यायल्याने माणूस आजारी पडत नाही. अल्कोहोल, हॉप्स आणि साधारण ४.२ च्या आसपासचा पीएच यांत रोग पसरवणारे जंतू तगत नाहीत. पण चव वाईट असते आणि बाटल्यांमधला दाब वाढत जातो. कारंजं उडत असेल तर सगळ्या बाटल्या आधी खूप गार करा, डोळ्यांवर चष्मा आणि हाताभोवती जाड टॉवेल घेऊन एकेक झाकण हळू सैल करा आणि ओतून द्या. जीव तुटतो, पण हे कराच.

संसर्ग लपतो तो भांड्याच्या नळात, बाटली भरायच्या नळीत आणि प्लॅस्टिकवरच्या ओरखड्यांत. नळ पूर्ण सुटा करून धुवा. भांडं काथ्याने घासू नका, मऊ फडकं वापरा. आणि स्वच्छ करणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं. आधी साबणी द्रावणाने डाग काढायचा, खळखळून धुवायचं, मग स्टार सॅनसारखं न धुता चालणारं द्रव, लिटरला दीड मिलिलिटर या मापाने. डागावर कितीही ओतलं तरी डागाखालचे जंतू मरत नाहीत.

आंब्याचं काय?

परदेशातला मराठी माणूस दोन-तीन घाणे जमले की हापूसच्या डब्याकडे वळतोच, आणि वळावं. पण आंब्यात पेक्टिन असतं. जॅम ज्याच्यामुळे गोळा होतो तेच हे. बिअरमध्ये ते तरंगत राहतं आणि थंडी, वेळ, जिलेटिन कशालाच नीट दाद देत नाही. त्याला पेक्टिन फोडणारं एन्झाइम लागतं, वाइनच्या सामानाच्या दुकानात ‘पेक्टोलेज’ नावाने मिळतं. एक चमचा पुरतं. ते आमरसाबरोबरच भांड्यात घाला आणि आमरस वर्टमध्ये उकळू नका, मुख्य आंबणं ओसरल्यावर घाला. डब्यातल्या रसात बहुधा साखर मिसळलेली असते. ती पुन्हा आंबते, त्यामुळे निदान आठवडाभर थांबून हायड्रोमीटरचा आकडा स्थिर झाल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत.

पुढच्या घाण्यात काय बदलायचं

कारण कळलं की निम्मं काम झालं, पण निवळ बिअरचा खरा पाया उकळण्याच्या दिवशी घातला जातो.

उकळी खळखळून हवी. मंद आचेवर बुडबुडे येत राहणं पुरत नाही, वर्ट पातेल्यात उलटंपालटं व्हायला हवं आणि असं पूर्ण ६० मिनिटं. झाकण अर्धं उघडं ठेवा. दूध फाटताना पाण्यात चोथा वेगळा होतो तसं तुम्हाला वर्टमध्ये दिसेल: आधी गढूळ, मग अचानक पांढरे पुंजके आणि मधे स्वच्छ तांबूस पाणी. हीच प्रथिनं गोठून बाहेर पडली, म्हणजे पुढे थंडीत धूसर करायला तेवढी कमी उरली. माझ्या घरच्या विजेच्या शेगडीवर २० लिटर कधीच खळखळत नव्हतं. मी बराच काळ तसंच रेटलं. शेवटी दोन पातेल्यांत दहा-दहा लिटर उकळायला लागलो आणि पहिल्याच वेळी फरक दिसला.

उकळी संपायला १५ मिनिटं असताना आयरिश मॉस घाला, २० लिटरला एक चमचा. हे लाल समुद्री शेवाळ आहे, सुकवलेलं. त्यातल्या कॅरागीननवर ऋण भार असतो, प्रथिनांवर धन, दोघं एकमेकांना ओढतात आणि जड होऊन तळाशी जातात. गावाकडे गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवतात किंवा निवळीची बी उगाळून टाकतात, त्यामागचं तत्त्व याच जातीचं. (तुरटी मात्र बिअरमध्ये घालू नका.) याचीच गोळी व्हर्लफ्लॉक किंवा प्रोटाफ्लॉक नावाने मिळते. २० लिटरला अर्धी. जास्त घातली तर जास्त निवळत नाही, तळाशी कापसासारखा फुगलेला गाळ होतो आणि बिअर वाया जाते.

उकळल्यावर झटपट गार करा. १०० अंशांवरून २० पर्यंत अर्ध्या तासात यावं. तांब्याची वेटोळी नळी पातेल्यात सोडून तिच्यातून नळाचं गार पाणी फिरवणं हा सगळ्यात चांगला मार्ग. लहान पातेलं असेल तर सिंकमध्ये बर्फाचं पाणी चालतं. झपाट्याने गार झालं की प्रथिनांची दुसरी खेप गोठते. भांड्यात ओतताना तळचा गाळ पातेल्यातच राहू द्या.

भिजवलेल्या धान्यात उरलेला गोडवा गरम पाण्याने धुऊन काढताना दोन गोष्टी सांभाळा: पाणी ७५ अंशांच्या वर नको, आणि शेवटचा थेंबही निघावा म्हणून धुत बसू नका. तुरटपणा आणि टॅनिन्स त्या शेवटच्या थेंबांत असतात.

मग थंडीचा मारा. आंबणं संपल्यावर, बाटल्या भरण्याआधी, पूर्ण भांडं दोन-तीन दिवस १ ते ३ अंशांवर ठेवायचं. जुना फ्रिज असेल तर उत्तम. माझ्याकडे नव्हता तेव्हा डिसेंबर-जानेवारीत मी भांडं मागच्या शेडमध्ये ठेवायचो. उणे २ च्या आसपास बिअर गोठायला लागते, तेवढं बघा. गार होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या झाकणावरच्या नळीतलं) पाणी आत ओढलं जातं, म्हणून तो काढून त्या भोकावर निर्जंतुक केलेला फॉइलचा तुकडा घट्ट बसवा. बाटलीत फेस यायला लागणारं यीस्ट एवढ्याने संपत नाही, ते डोळ्यांना दिसत नसलं तरी पुरेसं उरतं.

जिलेटिन, आणि शाकाहारी घरांसाठी एक सूचना

थंडीनेही भागलं नाही तर जिलेटिन. अर्धा ते एक चमचा बिनचवीचं जिलेटिन १५० मिलिलिटर गार पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या, ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करून विरघळवा, उकळू नका. ४ अंशांच्या खाली गेलेल्या बिअरमध्ये हळूच ओता, झाकण लावा, दोन दिवस थांबा. बिअर आधी गार असणं महत्त्वाचं आहे. कोमट बिअरमध्ये थंडीची धूसरता तयारच झालेली नसते, मग जिलेटिन धरणार कशाला?

जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं. ब्रिटनमध्ये पिंपातल्या एलसाठी परंपरेने आयझिंगग्लास वापरतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. दोन छोट्या पुड्यांत मिळणाऱ्या निवळणीच्या द्रावांपैकी एकात बहुधा कायटोसान असतं, आणि ते कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेलं असतं. घरी येणारा पाहुणा शाकाहारी असेल, किंवा त्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल, तर हे त्याला आधी सांगणं तुमचं काम आहे. बिअर समोर ठेवून मग सांगू नका. मी स्वतः आता यातलं काहीच वापरत नाही. आयरिश मॉस, जिप्सम आणि थंडी एवढ्यावर माझी पेल एल निवळते. तेवढ्याने भागत नसेल तर क्लॅरिटी फर्म नावाचं एन्झाइम आहे, यीस्ट घालतानाच त्याची कुपी ओततात. धूसरता करणाऱ्या प्रथिनांचे ते तुकडे करतं.

बाटल्या आधीच भरल्या असतील तर

बाटलीत काही घालायचं नाही, हे पुन्हा सांगतो. बाटल्या भरताना फेसासाठी घातलेल्या साखरेचं माप लिटरला ५ ते ६ ग्रॅम होतं का ते आठवा, कारण वायू जास्त झाला तर झाकण काढताच तळचा साका उसळून वर येतो आणि निवळ बिअरही गढूळ दिसते. बाटल्या २० अंशांवर दोन आठवडे उभ्या ठेवा, वायू भरू द्या. मग फ्रिजमध्ये, उभ्याच, दारात नाही तर आतल्या फळीवर. दार दिवसातून वीस वेळा हलतं. यीस्ट असेल तर आठवडा पुरतो. थंडीची धूसरता असेल तर चार ते सहा आठवडे ठेवा, तीही हळूहळू तळाशी बसते.

ओतताना बाटली एकदा तिरकी केली की पेला भरेपर्यंत सरळ करायची नाही. मधे सरळ केली की लाट मागे जाते आणि साका ढवळून येतो. बाटली अर्ध्या लिटरची आणि पेला लहान असेल तर दोन पेले शेजारी ठेवून एका दमात दोन्ही भरा. तळची बोटभर बिअर बाटलीतच सोडा, बाटली लगेच गरम पाण्याने विसळून पालथी घाला. तो थर वाळला की पुढच्या वेळी तासभर ब्रशने घासत बसावं लागतं, आणि नीट निघाला नाही तर पाचव्या पायरीतल्या खुणा त्याच बाटलीत पहिल्यांदा दिसतात.